तंजावरचा रस्ता आणि साठ लिटरांचा हिशेब

वाचकहो, तंजावरला जाण्याचा योग आला, तर बृहदीश्वराच्या मंदिरात सकाळी लवकर जावे. ऊन चढले म्हणजे प्रांगणातील फरशी इतकी तापते की, अनवाणी पावलांना शिखराकडे पाहण्याची सवड उरत नाही. पहिल्या राजराज चोळाने हे मंदिर 1010 साली पूर्ण केले. त्याचे विमान, म्हणजे गाभाऱ्यावरील शिखर, सुमारे 66 मीटर उंच आहे. येणारा प्रत्येक यात्रेकरू प्रथम मान वर करून तेच पाहतो. माझे आपणांस सांगणे असे की, शिखर पाहून झाल्यावर एकदा जोत्याकडेही पाहावे. तेथील दगडांवर ओळीमागून ओळी तमिळ अक्षरे कोरलेली आहेत.

ही अक्षरे म्हणजे स्तोत्रे असावीत, असा माझा समज होता. प्रत्यक्षात त्यांतील पुष्कळसा भाग जमाखर्चाचा आहे. देवाला कोणी किती सोने दिले, कोणत्या दागिन्यात किती मोती होते, कोणत्या गावातून किती भात यावयाचे, याची ती यादी आहे. तीत एक गोष्ट मला विशेष वाटली. सोन्याचे वजन देताना ते ‘आडवल्लान’ नावाच्या वजनाने तोलले, असे नमूद आहे. रत्नांसाठी ‘दक्षिणमेरुविटंकन’ नावाचे निराळे वजन आहे. आणि भात मोजण्याच्या मापाचे नावही आडवल्लानच असून, ते ‘राजकेसरी’ मापाबरोबर आहे, असा खुलासा केलेला आहे. आडवल्लान म्हणजे नृत्यनिपुण, अर्थात नटराज. हजार वर्षांपूर्वीच्या त्या कारकुनांनी नुसता आकडा लिहून कोठेही हात झटकलेले नाहीत. आकडा कोणत्या मापाने काढला, तेही त्यांनी आकड्याशेजारीच कोरून ठेवले.

हे सारे मी आपणांस सांगत आहे, ते एका मोटारीच्या निमित्ताने. मंदिराचा आणि मोटारीचा संबंध काय, असे आपण विचाराल. तो मलाही चार दिवसांनंतरच कळला.

मी तंजावरला गेले होते ती सरस्वती महाल ग्रंथालयातील मराठी हस्तलिखिते पाहण्यासाठी. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात येथे मराठी राज्य स्थापिले. ते 1855 पर्यंत टिकले. राज्य गेले तरी त्या काळात दक्षिणेत स्थायिक झालेली मराठी कुटुंबे येथेच राहिली. अशाच एका कुटुंबात माझी उतरण्याची सोय झाली होती. घरचे काका निवृत्त शिक्षक. त्यांच्या मातोश्री, ज्यांना सगळे आजी म्हणत, ऐंशी ओलांडलेल्या. काकांचे चिरंजीव एका पेढीत हिशेबनीस. घरात बोलणे मराठी, पण त्या मराठीत आपल्याकडे लोपलेले जुने शब्द आणि मधूनच तमिळ वळण. ऐकताना पणजीच्या पेटीतील लुगडे उलगडल्यासारखे वाटावे.

घरी एक लहान पेट्रोलची मोटार होती. ती चालविणारे गृहस्थ साठीच्या घरातले, तमिळभाषी. त्यांना सगळे ‘अण्णा’ म्हणत. या शब्दाची गंमत अशी की, तमिळमध्येही तो थोरल्या भावासाठी वापरतात; त्यामुळे मला त्यांना हाक मारताना भाषांतर करावे लागले नाही. आजींना डोळ्यांच्या उपचारांसाठी अधूनमधून चेन्नईला न्यावे लागे. तेव्हा मुक्काम चेन्नईच्या दक्षिणेकडील तांबरम येथे, त्यांच्या धाकट्या मुलीकडे असे. वर्षभरात अण्णांनी अशा सहा खेपा केल्या होत्या आणि प्रत्येक खेपेची पेट्रोलची पावती एका वहीत चिकटवून ठेवली होती.

मी पोहोचले त्या दिवशी घरात काहीतरी अवघडलेपण जाणवत होते. अण्णा ओसरीवर येत, किल्ली खुंटीला लावीत आणि पूर्वीप्रमाणे कॉफीला न थांबता निघून जात. रात्री चिरंजीवांनी मला ती वही दाखविली. सहा खेपांचे मिळून अंतर 4338 किलोमीटर, पेट्रोल 262 लिटर. भागाकार केला तर लिटरला साडेसोळा किलोमीटर. मोटारीबरोबर आलेल्या माहितीपत्रकात मात्र लिटरला साडेएकवीस किलोमीटर असे छापलेले होते.

“त्या आकड्याने 202 लिटर पुरायला हवे होते,” ते खालच्या आवाजात म्हणाले. “वरचे साठ लिटर कोठे गेले?”

साठ लिटर म्हणजे सहा हजार रुपयांच्या घरातील रक्कम. त्यांनी अण्णांना उघडपणे काही विचारले नव्हते. पण न विचारलेला प्रश्नही घरात फिरतो, आणि ज्याच्याविषयी तो असतो त्याला तो सर्वांत आधी ऐकू येतो. काका गप्प होते. आजी मात्र एवढेच म्हणाल्या, “अठरा वर्षं या घरात आहे तो. मोजायचं असेल तर नीट मोजा.”

दोनच दिवसांनी आजींना पुन्हा तांबरमला न्यावयाचे होते. चिरंजीवांनी रजा काढली, आणि त्रयस्थ म्हणून मलाही बरोबर यावयास सांगितले. मी कलाशाखेची पदवीधर. गणिताशी माझा संबंध शालान्त परीक्षेबरोबरच सुटलेला. तरीही भाषांतराच्या कामात एक सवय लागते. एकच शब्द दोन ठिकाणी दोन अर्थांनी वापरलेला नाही ना, हे आधी तपासावे लागते. तीच सवय येथे उपयोगी पडली.

मराठीत आपण सहज विचारतो, “गाडी अ‍ॅव्हरेज किती देते?” अ‍ॅव्हरेज म्हणजे सरासरी. पण कशाची सरासरी, कोणत्या रस्त्यावरची, किती माणसे बसवून काढलेली, हे आपण विचारीत नाही. माहितीपत्रकातील आकडा कसा निघतो, ते प्रथम पाहू. आपल्या पुण्यात वेताळ टेकडीच्या अंगाला ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आहे. 1966 साली तिची स्थापना झाली. पुणेकर त्या टेकडीला संस्थेच्या आद्याक्षरांवरून ‘एआरएआय टेकडी’ असेही म्हणतात. अशा अधिकृत चाचणीत मोटार रस्त्यावर न धावता फिरत्या रुळांवर धावते. ही मोटार ज्या चाचणीतून गेली, ती सुमारे वीस मिनिटांची. थांबणे, हळूहळू वेग घेणे, पुन्हा थांबणे, असा तिचा क्रम ठरलेला. सरासरी वेग ताशी 32 किलोमीटरच्या आसपास, कमाल वेग 90, आणि वातानुकूलन बंद. सर्व कंपन्यांच्या सर्व मोटारींना तोच क्रम लावतात, म्हणून एका मोटारीची दुसरीशी तुलना करावयास तो आकडा चांगला. त्यात लबाडी नाही. मात्र ते प्रयोगशाळेचे माप आहे. त्या मापाने अण्णांच्या वहीतील आकडे तोलणे म्हणजे रत्नांच्या वजनाने भात मोजण्यासारखे होते.

मग रस्त्याचे माप कोणते? त्याची रीत फार साधी आहे, आणि ती कोणासही करता येईल. टाकी काठोकाठ भरावयाची. म्हणजे पंपावरील नळी आपोआप ‘खट्’ करून बंद होते तेथे थांबावयाचे, त्यावर एक थेंबही घालावयाचा नाही. अंतराचा काटा शून्यावर आणावयाचा. मग प्रवास करावयाचा, आणि शेवटी पुन्हा त्याच रीतीने टाकी भरावयाची. दुसऱ्या वेळी जितके लिटर बसले, तितकेच वाटेत जळले. अंतराला त्याने भागले की झाले. शक्य तर दोन्ही वेळा पंप तोच असावा, नळी तीच असावी आणि मोटार त्याच जागी, त्याच दिशेने उभी करावी. कारण जमिनीला थोडा उतार असला तरी टाकीत अर्धा लिटर कमीअधिक बसतो. हा अर्धा लिटर लहान वाटतो, पण आपण पाचच लिटर जाळले असतील तर उत्तरात दहा टक्क्यांची चूक होते. चाळीस लिटर जाळले असतील तर तीच चूक टक्का-सव्वा टक्क्यावर येते. तात्पर्य, लांबचा प्रवासच खरे उत्तर देतो.

सकाळी साडेपाचला आम्ही तंजावरच्या पंपावर होतो. चिरंजीवांनी पंपावरील कर्मचाऱ्याकडे पाच लिटरचे माप मागितले. वाचकहो, हे माप प्रत्येक पंपावर ठेवावे लागते. त्यावर वजनमापे खात्याची मोहर असते आणि ग्राहकाला ते मागण्याचा हक्क आहे. नळीतून पाच लिटर त्यात सोडले. पेट्रोल बरोबर रेघेपाशी आले. पंपाविषयीची शंका तेथेच मिटली. चाकांतील हवा अण्णांनी स्वतः तपासली. पुढच्या एका चाकात ती बरीच कमी होती. “महिन्यातून दोनदा बघतो, तरी उतरते,” ते म्हणाले. हवा कमी असली की चाक रस्त्यावर अधिक पसरते, अधिक घासते आणि इंजिनाला ते ओढावे लागते.

निघताना अण्णा चाकाशी, शेजारी चिरंजीव, मागे आजी आणि मी. पाठीमागे सामान आणि लेकीसाठी घरच्या भाताचे तांदूळ, पंचवीस किलोंचे एक पोते. वल्लम मागे पडले, सेंगिपट्टी गेली. दिवस आडी महिन्याचे, म्हणजे जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंतचे. आडीच्या अठराव्या दिवशी कावेरीच्या वाढत्या पाण्याची पूजा होते. तो सण नुकताच होऊन गेला होता. डाव्या-उजव्या कालव्यांतून पाणी वाहत होते. तिरुचिरापल्लीला वळण घेताना दूरवर शहराच्या मध्यावरचा गडाचा खडक दिसला आणि मग एकामागून एक कावेरी व कोळ्ळिडम यांची रुंद पात्रे ओलांडली. त्यानंतर पेरंबलूर, उळुंदूरपेट्टै, विळुप्पुरम, तिंडिवनम अशी उत्तरेची वाट. रस्ता चौपदरी, सरळ, मधोमध कण्हेरीची झाडे.

अण्णांनी काटा 80 वर ठेवला, आणि तो जवळजवळ तेथेच राहिला. पुढे मालमोटार दिसली की ते फार आधी पाय उचलीत. गाडी आपल्याच ओघाने मंदावे, गतिरोधकावर पाय ठेवण्याची वेळ क्वचित येई. मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, “ब्रेक दाबला की पेट्रोलच दाबलं, अम्मा. ते आधीच देऊन झालेलं असतं.” हे वाक्य पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात शोभले असते. वाटेत मी किलोमीटरच्या दगडांशी मोटारीचा काटा ताडून पाहिला. पन्नास दगडांच्या अंतरात काट्याने अर्धा किलोमीटर अधिक दाखविला; शंभरात एक. तेवढा फरक आम्ही सोडून दिला. मदुरांतकमचे मोठे तळे मागे टाकून चेंगलपट्टूपर्यंत छान आलो. तेथून पुढे तांबरमपर्यंत वाहनांच्या रांगा लागल्या. टाकी भरली: अंतर 362 किलोमीटर, पेट्रोल 20.4 लिटर. लिटरला पावणेअठरा.

चिरंजीवांच्या कपाळावरची आठी गेली नाही. छापील आकडा अजून दूरच होता. ते म्हणाले, “परत जाताना मी चालवितो.” अण्णांनी काही न बोलता किल्ली त्यांच्या हाती दिली.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही परत निघालो. ऊन कडक, म्हणून वातानुकूलन सुरू. तांदळाचे पोते उतरले होते, पण त्याऐवजी लेकीने बांधून दिलेल्या डब्यांची आणि पिशव्यांची भर पडली होती. रस्ता मोकळा लागताच चिरंजीवांनी काटा 100 च्या आसपास नेला. विळुप्पुरम ओलांडल्यावर समोरून वारा येऊ लागला. आडीच्या वाऱ्यात मसाल्याचा पाटासुद्धा उडतो, अशी तमिळमध्ये म्हण आहे. पाटा उडताना मी पाहिला नाही, पण रस्त्याकडेची ताडांची पाने सारी आमच्याकडे वळलेली होती. आम्ही नैर्ऋत्येकडे जात होतो आणि वाराही नैर्ऋत्येचाच होता. तंजावरला चाळीस मिनिटे लवकर पोहोचलो. पंप तोच, नळी तीच. अंतर 361 किलोमीटर, पेट्रोल 23.1 लिटर. चिरंजीवांनी भागाकार दोनदा केला. लिटरला 15.6.

पंपावर कोणीच बोलले नाही. हिशेबनिसाच्या स्वतःच्या हातून मोटारीने अण्णांपेक्षा दोन किलोमीटर कमी दिले होते. दोन्ही वाटा मिळून 723 किलोमीटर, 43.5 लिटर, म्हणजे 16.6. वहीतील सहा खेपांची सरासरीही साडेसोळाच होती. हरवलेले साठ लिटर कोठेही गेले नव्हते. ते रस्त्यावर, वाऱ्याशी झगडण्यात आणि वाहनांच्या रांगांत जळले होते; आणि त्यांची प्रत्येक पावती वहीत होती.

हे पेट्रोल कसे जळते, ते थोडक्यात सांगते. मोठ्या रस्त्यावर मोटारीचा मुख्य विरोधक म्हणजे हवा, आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. 80 ऐवजी 100 वेग ठेवला, तर वेग सव्वापट होतो, पण हवेचा विरोध दीडपटीहून थोडा अधिक होतो. त्यात समोरून ताशी 20 किलोमीटरचा वारा असेल, तर 100 ने धावणाऱ्या मोटारीला हवा 120 ची भासते. शांत हवेतील 80 च्या तुलनेत विरोध सव्वादोनपट. त्याच वाऱ्यात 80 ने गेले तर तो 100 इतकाच लागतो. छपरावर सामान बांधले तर हा विरोध आणखी वाढतो. वातानुकूलनाचे यंत्र इंजिनाच्याच शक्तीवर चालते. अडकलेल्या रांगेत तर मोटार उभी असते आणि पेट्रोल जळतच असते.

इंधनाचाही भाग आहे. 2025 पर्यंत आपल्याकडे पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले गेले. ऊस, धान्य यांपासून होणाऱ्या इथेनॉलच्या एका लिटरात पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असते. एक-पंचमांश भागात एक-तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणजे एकंदर लिटरात सुमारे पंधरावा हिस्सा कमी. प्रत्यक्ष फरक इंजिनाच्या रचनेवर अवलंबून राहतो. पण काकांची मोटार या मिश्रणाच्या आधीच्या काळातील, तेव्हा हाही हिस्सा हिशेबात धरावयास हवा होता.

एक सावधगिरी मात्र येथेच सांगितली पाहिजे. परतीच्या वाटेवर वेग, वारा आणि वातानुकूलन ही तिन्ही एकदम बदलली होती. म्हणून अण्णांच्या आणि चिरंजीवांच्या दोन किलोमीटरांतील किती भाग वेगाचा आणि किती वाऱ्याचा, हे त्या एका प्रवासावरून ठरविता येत नाही. ते ठरवावयाचे तर एक गोष्ट बदलून बाकीच्या तशाच ठेवाव्या लागतील. आमचा प्रश्न तेवढा सूक्ष्म नव्हता. या रस्त्यावर, या मोटारीला, जाऊन-येऊन किती पेट्रोल लागते, एवढेच आम्हांला पाहावयाचे होते, आणि त्याचे उत्तर मिळाले होते.

दुसऱ्या दिवशी मी सरस्वती महालात गेले. हे ग्रंथालय जुन्या राजवाड्यात आहे. 1798 ते 1832 पर्यंत राज्य केलेल्या दुसऱ्या सरफोजीराजांनी ते वाढविले. 1918 साली ते लोकांसाठी खुले झाले. तेथे ताडपत्रांच्या आणि पोथ्यांच्या जोडीला तंजावर दरबाराचे मोडी लिपीतील दप्तरही आहे. पराक्रमाच्या कथांसाठी आपण इतिहासाकडे जातो, पण राज्य चालते ते अशा दप्तरांवर. या सरफोजीराजांच्याच काळात, 1803 साली, भोसले घराण्याचा इतिहास मराठीत बृहदीश्वराच्या आवारातील भिंतींवर कोरण्यात आला. म्हणजे एकाच मंदिरात चोळांचा तमिळ जमाखर्च आणि भोसल्यांची मराठी बखर, दोन्ही दगडावर आहेत. संध्याकाळी मी चिरंजीवांना तेथे घेऊन गेले. लहानपणापासून ते या मंदिरात येत होते, पण जोत्यावरील त्या वजनांची नावे त्यांनी कधी लक्षपूर्वक ऐकली नव्हती. बराच वेळ ते त्या ओळींसमोर उभे राहिले.

“माप लिहिलं नसतं तर?” मी विचारले.

“तर पुढच्या पिढीतला कोणीतरी दुसऱ्या वजनाने तोलून पुजाऱ्यावर संशय घेतला असता,” ते म्हणाले. त्यानंतर त्यांनी मोटारीचा विषय काढला नाही. मीही काढला नाही.

वाचकहो, आपल्या घरीही मोटार असेल, किंवा पुढेमागे येईल. सुटीत कोकणात, पंढरपूरला किंवा दूर दक्षिणेत जाण्याचा बेत ठरताना पेट्रोलचा अजमास करावाच लागतो. त्यासाठी चार गोष्टी आपणांस सुचवून ठेवते.

पहिली, छापील आकड्यावर खर्च बेतू नये. मोटार विकत घेताना दोन मोटारींची तुलना करण्यापुरताच तो पाहावा. काकांच्या मोटारीने महामार्गावर छापील आकड्याच्या सुमारे 77 टक्के दिले. आपल्या मोटारीचे प्रमाण निराळे असेल; ते आपणच काढावे. मोटारीच्या फलकावर दिसणारा सरासरीचा आकडाही एकदा या रीतीने ताडून पाहावा आणि मगच त्यावर विसंबावे.

दुसरी, सरासऱ्यांची सरासरी काढू नये. समजा, जाताना 60 किलोमीटरना 3 लिटर लागले, म्हणजे लिटरला 20. आणि येताना तेवढ्याच अंतराला 5 लिटर, म्हणजे लिटरला 12. वीस आणि बारा यांचा मध्य सोळा. पण खरे उत्तर पंधरा आहे, कारण एकूण 120 किलोमीटरना एकूण 8 लिटर लागले. सारे अंतर एकत्र, सारे पेट्रोल एकत्र, आणि मग एकच भागाकार.

तिसरी, बेत आखताना हिशेब उलटा मांडावा. काकांच्या मोटारीला शंभर किलोमीटरना सहा लिटर लागतात, असे म्हटले की घरातील शाळकरी मुलगीही सांगेल, दोनशे किलोमीटरना बारा. त्यावर वारा, घाट आणि चुकलेले वळण यांच्यासाठी दहावा हिस्सा वाढवून धरला की वाटेत खोळंबा होत नाही.

चौथी, आकड्याशेजारी माप लिहावे. किती माणसे, किती सामान, वेग कोणता, वातानुकूलन चालू की बंद, वारा कोणत्या बाजूचा. यासाठी दोन ओळी पुरतात. वर्षभरात अशा दहा नोंदी झाल्या की मोटारीची प्रकृतीही त्यांतून कळते. एरवी सोळा-सतरा देणारी मोटार त्याच रस्त्यावर तेरावर आली, तर हवा, गतिरोधक किंवा इंजिन यांपैकी काहीतरी तपासण्याची वेळ आली, असे समजावे. माणसाकडे बोट दाखविण्याआधी यंत्राकडे पाहावे.

मी निघाले त्या सकाळी अण्णा मला स्थानकावर सोडावयास आले. त्याआधी ओसरीवर चिरंजीवांनी त्यांना एक नवी वही दिली. पहिल्या पानावर त्यांनी स्वतःच्या अक्षरांत रकाने आखले होते: तारीख, अंतर, लिटर, माणसे, सामान, वेग, वारा. शेवटच्या रकान्यावर ‘चालक’ असे लिहिले होते, आणि पहिल्याच ओळीत, 15.6 या आकड्यासमोर, त्यांनी स्वतःचे नाव घातले होते. अण्णांनी ती ओळ वाचली, वही काखेत मारली आणि आतल्या दाराकडे पाहिले. आजींनी कॉफीचा पेला ओसरीच्या कठड्यावर आणून ठेवलेलाच होता. गाडीला अजून वेळ होता. ते बसले.